कोलोनिया गुएलचं अर्धवट चर्च: कसं जायचं आणि तिथे नेमकं काय बघायचं?

घणसोलीकर:

एप्रिलमध्ये बार्सिलोनात चार दिवस आहोत. चौघं: आम्ही दोघं, आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असलेली लेक आणि आई. सग्रादा फामिलिया, म्हणजे गौदी या वास्तुकाराचं तिथलं मोठं चर्च, यादीत आहेच. पण लेकीचं म्हणणं, शहराबाहेर कोलोनिया गुएलला गौदीचं जे अर्धवट राहिलेलं चर्च आहे ते बघितल्याशिवाय सग्रादा कळतच नाही. नेटवर शोधलं की 'अप्रतिम', 'चुकवू नये' एवढंच मिळतं. मला हवंय ते असं:

ट्रेन कुठली, उतरायचं कुठे, तिकीट कुठे मिळतं? किती वेळ ठेवावा? अर्धंच बांधलेलं आहे तर बघायचं काय? आईचे गुडघे दुखतात आणि ती शाकाहारी आहे, तिचं कसं? आणि निघायच्या आधी इथे घरी काही तयारी करता येण्यासारखी असेल तर सांगा, अजून दीड महिना हातात आहे.

पारसिक_बोगदा:

ट्रेनचं आधी सांगतो, कारण निम्मे लोक तिथेच चुकतात.

प्लासा एस्पान्या स्टेशनला जा. तिथे शहराची मेट्रो आणि एफजीसी ही कातालोनिया सरकारची रेल्वे, दोन्ही आहेत. घाटकोपरला लोकल आणि मेट्रो शेजारी शेजारी पण गेट वेगळी, तसाच प्रकार. मेट्रोच्या एल-१ किंवा एल-३ च्या गेटमधून आत गेलात तर कोलोनिया गुएलची गाडी मिळणार नाही. एफजीसीचे बाण धरून चालत राहा.

गाडी एस-४ किंवा एस-८ धरा. एस-३ आणि एस-९ पण चालतात. इंडिकेटरवर कोलोनिया गुएल हे नाव दिसलं की बसा, वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास आहे. त्याच मार्गावर एल-८ ही मेट्रोसारखी गाडीही धावते आणि ती वारंवार येते, म्हणून लोक तिच्यात चढतात. ती मोली नोउ स्टेशनला संपते, म्हणजे बरोब्बर एक स्टेशन आधी. वाशी लोकलमध्ये बसून सानपाडा गाठायचा बेत केल्यासारखं होतं. घाबरायचं कारण नाही, उतरून मागची एस गाडी धरायची.

दुसरी चूक नावाची. ज्या गावात हे चर्च आहे त्याचं नाव सांता कोलोमा दे सेरवेल्यो. त्याच नावाचं स्टेशन कोलोनिया गुएलच्या पुढे आहे, तिथे उतरायचं नाही. आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एल-१ मेट्रोवर नुसतं 'सांता कोलोमा' नावाचं स्टेशन आहे, त्याचा या गावाशी काडीचा संबंध नाही. फोनच्या नकाशात 'सांता कोलोमा' टाकून निघालात तर कोपरऐवजी कोपरखैरण्याला पोचाल. सर्चमध्ये 'कोलोनिया गुएल' हेच टाका. तिकिटाच्या मशीनवरही झोन शोधत बसू नका, स्टेशनचं नाव निवडा, भाडं आपोआप येतं.

स्टेशनातून बाहेर पडलात की जमिनीवर निळ्या रंगात पावलं रंगवलेली दिसतील. ती धरून दहाएक मिनिटं चाललं की माहिती केंद्र येतं. तिकीट तिथे घ्यायचं, चर्चच्या दारात नाही. सरळ चर्चकडे जाणारे परत मागे पाठवले जातात. तिकिटाबरोबर ऑडिओ गाइड घ्या आणि केंद्रातलं छोटं प्रदर्शन आधी बघा. वस्तीचा आणि चर्चच्या मूळ आराखड्याचा अंदाज तिथेच येतो.

वार निवडताना: शनिवार-रविवारी दुपारी तीनला बंद होतं आणि रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेवढा वेळ पर्यटकांना आत सोडत नाहीत. ते आजही चालू चर्च आहे. म्हणून मधला वार, सकाळी दहाला दार उघडतानाच. एप्रिल म्हणजे ईस्टरचा आठवडा मध्ये येऊ शकतो, त्यात बंदचे दिवस असतात. अधिकृत साइटवर तुमच्या तारखेचं वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा.

त्याच प्लासा एस्पान्याहून मोन्सेराट डोंगराची गाडी सुटते, म्हणून एजंट लोक दोन्ही एकाच दिवसात बसवतात. आई बरोबर असताना ते करू नका.

ओळंबा:

वरचं सगळं बरोबर. आता 'अर्धंच आहे तर बघायचं काय' याबद्दल.

अर्धं आहे म्हणूनच बघायचं. पूर्ण झालं असतं तर हा खालचा भाग वरच्या मोठ्या चर्चखाली दबून गेला असता आणि लोक मान वर करून शिखरंच बघत बसले असते.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय इमारत कळत नाही. एउसेबी गुएल हा कापडगिरणीचा मालक. शहरातल्या कामगार संघर्षापासून लांब म्हणून त्याने १८९० मध्ये गिरणी इथे आणली आणि भोवती कामगारांची वस्ती वसवली: घरं, शाळा, दुकान, सगळं मालकाचं. गिरणगावातली चाळ आणि ही वस्ती यात फरक हाच, की इथे गावच गिरणीचं होतं. वस्तीच्या चर्चचं काम १८९८ मध्ये गौदीला दिलं. त्यानंतर दहा वर्षं पायाची वीटही बसली नाही. ती दहा वर्षं दोऱ्या टांगण्यात गेली, त्याबद्दल कुणीतरी खाली लिहीलच. बांधकाम १९०८ ला सुरू झालं, १९१४ मध्ये गुएल कुटुंबाने पैसा थांबवला, आणि जेवढं झालं होतं तेवढ्यावर छत घालून १९१५ मध्ये प्रार्थना सुरू केली. ठरलं होतं ते असं: एकावर एक दोन सभागृहं, बाजूला मनोरे, मधोमध ४० मीटर उंच घुमट. झालं फक्त खालचं सभागृह. त्याला क्रिप्ट म्हणतात, पण तळघर समजू नका. टेकडीच्या उतारात अर्धवट रुतलेलं, समोरून जमिनीलगत उघडं असं ते आहे. २००५ पासून युनेस्कोच्या यादीत.

बघायचा क्रम माझ्या मते असा.

पहिलं, आत घाईने शिरू नका. बाहेरच्या ओसरीत थांबून वर बघा. छताचे तिरके, पिळलेले त्रिकोणी तुकडे दिसतील. त्यांना हायपरबोलिक पॅराबोलॉइड म्हणतात आणि इमारतीत ते वापरल्याचं हे अगदी पहिल्यांपैकी उदाहरण आहे. नाव अवघड, काम सोपं. दोन सरळ काठ्या समोरासमोर धरा, एक थोडी इकडे कललेली, दुसरी तिकडे. दोन्हींवर सारख्या अंतरावर खुणा करा आणि समोरासमोरच्या खुणा सुताने जोडा. प्रत्येक सूत सरळ, पण सगळी मिळून पृष्ठभाग वक्र. म्हणजे गवंड्याला वाकडा साचा लागतच नाही. त्याने नेहमीसारखं सूत लावायचं, सुताला धरून वीट ठेवत जायचं, वक्रता आपोआप येते. त्या काळात कॉम्प्युटर नसताना असलं छत कसं बांधलं, या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे: मजुराला सरळ रेघच दिली. सांध्यांच्या ओळी नजरेने धरून चाला, सरळ रेघा सापडतात.

दुसरं, आतले चार खांब. मधोमध बेसॉल्टचे चार खांब आहेत, चारही आत झुकलेले. दगड कास्तेलफोलित दे ला रोका इथला, जिथे थंड झालेल्या लाव्हाचे कडे आहेत. आपल्याला हा दगड परका नाही. पारसिकच्या डोंगरात तोच काळा दगड फोडलाय, आणि लाव्हा थंड होताना त्याचे उभे बहुकोनी खांब कसे पडतात ते अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दिसतं. जाण्याआधी लेकीला तिथे घेऊन जा. गौदीने या दगडाला पॉलिश नाही, नक्षी नाही, जेमतेम टाकी लावली आहे.

आता जवळ जाऊन सांधा बघा. पायथा, मधला दांडा आणि वरचा माथा हे तीन वेगळे दगड आहेत आणि त्यांच्यामध्ये सिमेंट किंवा चुना नाही, शिसं आहे. राखाडी रंगाची बारीक रेघ दिसते. ओबडधोबड दगड दगडावर ठेवला तर तो दोन-तीन उंचवट्यांवरच टेकतो, सगळा भार तिथे एकवटतो आणि कड उडते. शिसं मऊ, दाबाखाली पसरतं आणि फटी भरून काढतं, म्हणजे भार सगळ्या तोंडावर सारखा जातो. पुढे खांब जरा हलला तरी शिसं दबतं, दगड तडकत नाही.

या खांबांना ओळंबा लावला तर आपला कुठलाही सुपरवायझर काम तोडायला लावेल. पण खांब सरळ असायला हवा हा नियम भार सरळ खाली येतो तेव्हाचा. कमानीचा भार तिरका येतो. गॉथिक चर्चमध्ये खांब उभे ठेवतात आणि तो तिरका जोर पेलायला बाहेरून टेकू देतात. गौदी त्या टेकूंना कुबड्या म्हणायचा. त्याने खांबच जोराच्या दिशेला कलवला, टेकूची गरजच संपली. फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप उघडा, फोनची कड लांबून खांबाच्या रेषेला जुळवा, कोन वाचा. प्रत्येक खांबाचा कोन टिपून घ्या. दगडाला फोन टेकवू नका.

तिसरं, टाकाऊ माल. भिंतीतल्या काही विटा काळ्या, वितळून वाकड्या झालेल्या दिसतील. भट्टीत जास्त भाजलेली झामा वीट आहे ती, आपल्याकडे पायात किंवा भरावात टाकतात. इथे ती मुद्दाम दर्शनी लावली आहे, लोखंडाच्या मळीबरोबर. बाहेर जाऊन खिडक्यांच्या जाळ्या बघा: गिरणीच्या मागातल्या जुन्या सुया वाकवून केल्यात. पवित्र पाण्याची भांडी म्हणजे मोठाले समुद्री शिंपले. रंगीत काचांच्या खिडक्या पाकळ्यांसारख्या उघडतात, त्यांची कप्पी-दोरीची रचना आतून दिसते.

चौथं, बाकं. लोखंड आणि लाकडाची, गुडघे टेकायच्या पट्टीसकट, गौदीनेच आखलेली. बहुतेक लोक त्यांच्यावर पिशव्या ठेवून छताचे फोटो काढतात.

शेवटी वर जा. बाहेरून एक जिना छतावर जातो. तो खरं तर कधीच न बांधलेल्या वरच्या चर्चच्या दाराशी जाणारा जिना आहे. तो वळसा घेऊन जातो, कारण वाटेत एक पाइनचं झाड होतं आणि ते तोडायचं नाही असं गौदीने ठरवलं, असं सांगतात. वर पोचल्यावर मोकळी गच्ची लागते. १९९९ ते २००२ च्या दुरुस्तीत ती नीट केली आणि त्यावर तेव्हा बरेच वादही झाले. काहींच्या मते ती जास्तच नीटनेटकी झाली. मलाही तसंच वाटतं, 'इथे काम थांबलं' हे आता आधी होतं तेवढं बोचत नाही.

दीड तास चर्चला, एक तास वस्तीत फिरायला. त्याहून कमी वेळात करायचं असेल तर फोटोच बघा.

तुर्भे_नटबोल्ट:

तयारीबद्दल विचारलंय ते मी सांगतो. खर्च फार नाही, दोन रविवार लागतील.

गौदीने चर्चचं मॉडेल उलटं केलं. छताला फळी, फळीवर खालच्या चर्चचा आराखडा, त्यातून दोऱ्या लोंबत्या, आणि दोऱ्यांना त्या त्या ठिकाणच्या भाराच्या प्रमाणात छर्ऱ्यांच्या पिशव्या. लांबीचं माप १:१०, वजनाचं १:१०,०००. म्हणजे खऱ्या बांधकामात जिथे १० टन येणार, तिथे १ किलोची पिशवी. दोरी फक्त ताण घेते, दाब घेऊच शकत नाही. म्हणून ती आपोआप अशा आकारात लोंबते की सगळीकडे नुसता ताणच असतो. तोच आकार उलटा करून दगड-विटेत बांधला की सगळीकडे नुसता दाब. विटेला दाब चालतो, ताण चालत नाही. मग त्याने मॉडेलचे फोटो काढून उलटे केले आणि त्यांच्यावर रंगाने भिंती-खिडक्या रंगवल्या.

टप्पा १, भिंतीवर. मोठा पुठ्ठा भिंतीला लावा. एकाच उंचीवर ४० सेंमी अंतरावर दोन खिळे. ७० सेंमीची बारीक मण्यांची साखळी लोंबवा, आकार पेन्सिलने गिरवा. आता साखळीच्या मध्यावर ४-५ नट अडकवा, पुन्हा गिरवा. तळ टोकदार झालेला दिसेल. मग तेच नट एका बाजूला सरकवा. आकार कलतो. पुठ्ठा काढून उलटा धरा: तीन कमानी, तीन वेगळ्या भारांसाठी. माथ्यावर जड शिखर असेल तर कमान टोकदार का हवी ते इथेच कळतं.

टप्पा २, खांब का कलतो. खरी गंमत यात आहे. तीन खिळे एका ओळीत: मधला, त्याच्या डावीकडे २० सेंमीवर दुसरा, उजवीकडे ४० सेंमीवर तिसरा. मधल्या खिळ्याला १० सेंमीचा दोरा आणि त्याच्या टोकाला छोटी रिंग. डाव्या खिळ्यापासून रिंगेपर्यंत ३० सेंमीचा दोरा, त्यावर सारख्या अंतराने ३ नट. उजवीकडून ५० सेंमीचा, त्यावर ६ नट. सोडून द्या. मधला दोरा सरळ राहत नाही, मोठ्या गाळ्याच्या, म्हणजे खिळ्यांमधलं अंतर जास्त असलेल्या बाजूला ओढला जातो. चित्र उलटं केलं की मधला दोरा म्हणजे खांब, आणि तो मोठ्या गाळ्याकडे झुकलेला. वर 'ओळंबा' यांनी सांगितलेले चार खांब आत का झुकलेत, त्याचं कारण हेच.

टप्पा ३, तीन दिशांत. ६० × ६० सेंमीचा प्लायचा तुकडा, ५ सेंमीच्या चौकटीत भोकं पाडलेली. दोन स्टुलांमध्ये आडवा ठेवा. मध्यभागी २० सेंमीच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांतून चार दोरे, खाली एका रिंगेत एकत्र, रिंगेला वजन. हे झालं शिखर. मग बाहेरच्या भोकांतून दोरे आणून त्या चार दोऱ्यांना मधेच गाठ मारा, त्यांनाही वजनं. खाली आरसा ठेवा आणि आरशात बघा, इमारत सरळ उभी दिसेल.

माल: वजनाला एम-६ चे नट साधारण अडीच ग्रॅमचे, एम-८ चे साधारण पाच ग्रॅमचे, हार्डवेअरवाल्याकडे किलोने मिळतात. कोळीवाड्यातल्या जाळ्यांच्या दुकानात शिशाच्या गोळ्या मिळतात, चेंदणीत किंवा दिवाळे गावात विचारा, पण शिसं हाताळल्यावर हात धुवायलाच हवेत. नट बरे. दोरा सुती, न ताणला जाणारा. मासेमारीची नायलॉन तार नको, गुंडाळीचा पीळ तिच्यात राहतो आणि हलक्या वजनाला ती सरळच होत नाही. शिवणाच्या मशीनचा पॉलिएस्टर दोरा चालतो, पण गाठ सरकते. गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब शेवटी, आकार पक्का झाल्यावर.

काय बिघडतं: पंखा चालू ठेवला तर मॉडेल थांबत नाही. दोऱ्यांच्या लांबीत अर्ध्या सेंमीचा फरक पडला तरी चौकोन वाकडा दिसतो, म्हणून दोरे आधी कापू नका, भोकातून वर ओढून पेपरक्लिपने अडकवा, म्हणजे लांबी नंतर कमी-जास्त करता येते. आणि सगळ्यात मोठा ताप म्हणजे एका गाठीला एक नट वाढवला की बाकीच्या सगळ्या गाठी जरा जरा हलतात. एक कोपरा ठीक केला की दुसरा बिघडतो. गौदीची दहा वर्षं कुठे गेली ते दुसऱ्या रविवारी संध्याकाळी समजतं. फोटो समोरून, फोन आडवा आणि लेव्हलमध्ये धरून काढा आणि १८० अंश फिरवा. प्रिंट काढून त्याच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून लेकीला चर्च रंगवू दे.

कमानदार:

एक दुरुस्ती. तुर्भे_नटबोल्ट यांनी नीट लिहिलंय, पण बरेच लोक यावरून 'गौदीच्या सगळ्या कमानी कॅटेनरी' असं म्हणायला लागतात. व्हायव्हात हे बोलू नये. कॅटेनरी म्हणजे फक्त स्वतःच्या सारख्या वजनाने लोंबणारी साखळी. भार आडव्या अंतरावर सारखा पसरलेला असेल, झुलत्या पुलाच्या रस्त्यासारखा, तर येतो पॅराबोला. आणि ठिकठिकाणी वेगवेगळी वजनं टांगली, जसं या मॉडेलमध्ये, तर दोन्हीही नाही. त्या त्या भाराचा स्वतंत्र आकार येतो, त्याला फ्युनिक्युलर म्हणतात. टप्पा १ मधला टोकदार आकार त्यातलाच.

कल्पना गौदीची नाही, हेही लेकीला माहीत असू दे. लोंबती साखळी उलटी केली की कमान, हे इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये अक्षरांच्या कोड्यात छापून ठेवलं होतं. इटलीच्या पोलेनी या गणितज्ञाने १७४८ मध्ये रोमच्या सेंट पीटरच्या तडे गेलेल्या घुमटाची तपासणी करताना वजनं लावलेली साखळी वापरली. तोवर सगळं एका प्रतलात होतं. गौदीने ते पूर्ण इमारतीसाठी, तीनही दिशांत केलं. नवं ते हे.

मूळ मॉडेल आता उरलेलं नाही. जुन्या फोटोंवरून १९८० च्या दशकात अभ्यासकांनी ते पुन्हा तयार केलं, आणि ते सग्रादा फामिलियाच्या तळघरातल्या संग्रहालयात टांगलंय. संग्रहालय तिकिटातच येतं, पण लोक थकून ते टाळतात. तुम्ही टाळू नका. साखळ्यांचं आणखी एक मॉडेल, खाली आरसा ठेवलेलं, कासा मिला या गौदीच्याच बार्सिलोनातल्या इमारतीच्या माळ्यावर आहे, आणि तो माळाच २७० विटांच्या कमानींचा आहे.

तलावपाळी_ठाणे:

क्रमाबद्दल एकच. आधी कोलोनिया गुएल, नंतर सग्रादा. उलटं केलंत तर सग्रादाच्या उंचीनंतर हे छोटं वाटेल. खरं तर जे इथे विटेत तपासून बघितलं तेच तिथे दगडात मोठं झालंय: फांद्यांसारखे कलणारे खांब, सरळ रेघांनी बनणारे वक्र पृष्ठभाग. गौदी १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेत गेला. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवीत त्याची कार्यशाळा जळली, प्लास्टरची मॉडेलं फोडली गेली, पुढचं काम त्या तुकड्यांवरून उभं राहिलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सग्रादाने उंचीत जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकलं.

सग्रादाचं तिकीट ऑनलाइनच काढायचं, तारीख आणि वेळ ठरवून. एप्रिलसाठी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. काचांचा रंग हवा असेल तर सकाळी पूर्वेकडून निळा-हिरवा, दुपारनंतर पश्चिमेकडून लाल-केशरी. मनोऱ्याचं जादा तिकीट आईचं काढू नका: वर लिफ्टने नेतात, पण उतरायचं अरुंद गोल जिन्याने, मधे बसायला जागा नाही. आत खांदे उघडे आणि टोपी चालत नाही. साडी, पंजाबी ड्रेस उत्तम.

घणसोलीकर:

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. प्लाय आणि नट आणतोय. राहिलेले दोन प्रश्न: कोलोनिया गुएलला आईने किती चालायचं, आणि तिथे खायचं काय?

पारसिक_बोगदा:

स्टेशन ते केंद्र दहा मिनिटं, पुढे चर्चपर्यंत पाच-सात मिनिटं हलका चढ. मोठा जिना फक्त वरच्या गच्चीसाठी आहे, तो आईंनी सोडला तरी चुकण्यासारखं काही नाही, बघण्यासारखं सगळं खालीच आहे. तुम्ही वर असताना आईंना ओसरीत थांबू दे, सावली असते.

खाण्याचं: वस्तीत मोजकी ठिकाणं आहेत आणि स्वयंपाकघर दुपारी एकच्या आधी सुरू होईल असं धरू नका. सकाळी निघताना डब्यात ठेपले किंवा पोळीभाजी घ्या. खायला चर्चच्या आवारात बसू नका, वस्तीच्या चौकात बाकं आहेत. बसून जेवायचं असेल तर 'पा आंब तुमाकेत' मागा: भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. 'एस्कालिवादा' म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, आपल्या भरताच्या जवळची चव, फक्त त्यावर बऱ्याचदा खारवलेले मासे ठेवून आणतात. ऑर्डर देतानाच 'सेन्सा कार्न, सेन्सा पेश' सांगा, म्हणजे मांस नको, मासे नको. 'तोर्तिया' मेन्यूत शाकाहारीत दिसेल, पण त्यात अंडं असतं.

ओळंबा:

फोटोबद्दल राहिलं. आत अंधार आणि खिडक्या झगझगीत. फोन आपणहून खिडकी धरतो आणि विटा काळ्या येतात. बोट विटांवर दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग फोटो काढा. काचांसाठी तेच काचांवर. फ्लॅश लावू नका. आणि लेकीला सांगा, चार खांबांच्या मधोमध उभं राहून एक फोटो सरळ वर काढ. घरी येऊन तो तुमच्या प्लायच्या मॉडेलच्या आरशातल्या फोटोशेजारी ठेवून बघा.

घणसोलीकर:

एम-६ चे नट अर्धा किलो पुरतील का?

तुर्भे_नटबोल्ट:

अर्ध्या किलोत दोनशेच्या आसपास येतात. तिन्ही टप्पे मिळून दीडशेच्या वर लागत नाहीत. वॉशर मात्र घेऊ नका, दोऱ्यावर सरकतात.